निळ्या वायरीपासून लाल वायरीपर्यंत

मशीनच्या इलेक्ट्रिकल पॅनलचं दार उघडून दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहिलं तरी बरंच काही कळतं. काळ्या जाड वायरी मोटरांकडे जातात, त्यांत ४१५ व्होल्ट खेळतात. लाल वायरी एसी कंट्रोलच्या. आपल्याकडच्या पॅनलांत त्यांच्यात बहुधा ११० किंवा २३० व्होल्ट असतात. निळ्या वायरी डीसी कंट्रोलच्या, २४ व्होल्टच्या. हा रंगांचा नियम मशीनच्या विद्युत सुरक्षेच्या ‘आयईसी ६०२०४-१’ या आंतरराष्ट्रीय मानकातला आहे आणि नीट बांधलेल्या पॅनलमध्ये तो पाळलेला असतो. आता निळ्या वायरींमागे नजर फिरवत गेलात की एका पट्टीपाशी थांबावं लागतं. तिथे जेमतेम सहा मिलिमीटर रुंदीचे रिले ओळीने बसलेले असतात. एका बाजूने निळी वायर आत शिरते, दुसऱ्या बाजूने लाल बाहेर पडते. दोन्ही वायरी एकमेकींना कुठेही शिवत नाहीत, तरी निळीने सांगितलेलं लाल ऐकते. हे पुस्तक त्या पट्टीविषयी आहे.

एवढ्याशा विषयाला आख्खं पुस्तक कशाला, असं कुणालाही वाटेल. कंट्रोलरचं आउटपुट २४ व्होल्ट डीसी, मोटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल ११० व्होल्ट एसी, मध्ये एक रिले टाकला की काम झालं. मोटर फिरते, गिऱ्हाईक सही करतं, वायरमन पुढच्या साइटला जातो. माझी तक्रार नेमकी इथेच आहे. कॉन्टॅक्टर चालू होतो एवढंच आपण तपासतो. तो बंद होईल का, दर वेळी होईल का, आणि मध्ये काही बिघडलं तर मशीन कुठल्या अवस्थेत जाऊन थांबेल, हे सहसा कुणी विचारत नाही. चालू करणं कुणालाही जमतं. बंद होण्याची खात्री मात्र आधीपासून डोक्यात ठेवून वायरिंग करावं लागतं. या पुस्तकातली सगळी प्रकरणं कुठल्या ना कुठल्या वाटेने याच मुद्द्यावर येतात.

मुळात ही दोन वेगळी व्होल्टेज एका पेटीत आली कशी? १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आकड्यांच्या आज्ञेवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. १९६८-६९ च्या सुमारास जनरल मोटर्सच्या एका विभागाच्या मागणीतून पीएलसी जन्माला आला, तो भिंतभर पसरलेल्या रिले पॅनलांची जागा घेण्यासाठी. तोवर मशीनचं डोकं आणि हातपाय एकाच जातीचे होते: पुशबटण, लिमिट स्विच, रिले, कॉन्टॅक्टर, सगळं एसीवर. डोकं इलेक्ट्रॉनिक झालं आणि ते कमी डीसी व्होल्टेजवर राहायला गेलं. हातपाय एसीवरच राहिले, कारण मोटर एसीची, कॉन्टॅक्टर एसीचा आणि स्टोअरमध्ये पडलेल्या कॉइलीही एसीच्याच.

महाराष्ट्रात या गुंत्यात आणखी एक पदर आहे. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली या पट्ट्यांतल्या लहान कारखान्यांत परदेशातून आलेली जुनी मशीन पुष्कळ आहेत. जपानी मशीन २०० ते २२० व्होल्ट थ्री-फेजवर चालणारं, म्हणून पायाशी ट्रान्सफॉर्मर. आत कंट्रोल १०० किंवा ११० व्होल्ट एसी. युरोपीय मशीन ४०० व्होल्टचं, आत २४ व्होल्ट डीसी. वीस-पंचवीस वर्षं झाली की मूळ कंट्रोलर मरतो, सुटे भाग मिळत नाहीत, आणि मालक रेट्रोफिट करायचं ठरवतो. लोखंड तेच, स्लाइड तेच, कॉन्टॅक्टरही तेच. डोकं तेवढं नवं. त्या दिवशी कुणातरी वायरमनला नव्या कार्डाच्या २४ व्होल्टवरून जुन्या ११० व्होल्टच्या कॉइली ओढायच्या असतात. माझ्या मनासमोरचा वाचक तो आहे.

एक साधी साखळी घेऊ. सीएनसी लेथवर ऑपरेटरच्या प्रोग्रॅममध्ये एम०८ आलं, म्हणजे कूलंट चालू. कंट्रोलरच्या आउटपुट कार्डातला एक ट्रान्झिस्टर जागा होतो आणि टर्मिनलवर २४ व्होल्ट देतो. ती निळी वायर रिलेच्या ए१ वर येते, ए२ वरून शून्य व्होल्टला परत जाते. एवढ्याशा रिलेच्या कॉइलला साधारण पाव वॅट लागतो, म्हणजे दहाएक मिलिअँपिअर. आत पातळ पत्ती हलते. ११ नंबरच्या टर्मिनलवर थांबलेले ११० व्होल्ट १४ नंबरवर येतात. तिथून लाल वायर कॉन्टॅक्टरच्या कॉइलला. नऊ अँपिअरच्या नेहमीच्या कॉन्टॅक्टरची एसी कॉइल ओढताना सुमारे ७० व्होल्ट-अँपिअर घेते आणि धरून ठेवताना सुमारे ७. म्हणजे ११० व्होल्टवर पहिल्या क्षणी साधारण ६४० मिलिअँपिअर आणि आर्मेचर बसल्यावर ६४. मग काळ्या वायरींतून अर्ध्या हॉर्सपॉवरचा कूलंट पंप ४१५ व्होल्टवर एकेक अँपिअर घेऊन फिरू लागतो. सुरुवात दहाएक मिलिअँपिअरची होती.

कॉइलच्या ६४० आणि ६४ मधल्या या दहापटीच्या फरकाकडे नीट पाहा. एसी कॉइलचा प्रवाह तिच्या तारेच्या रोधापेक्षा लोखंडातल्या फटीवर जास्त ठरतो. फट उघडी असली की इंडक्टन्स कमी, प्रवाह भरमसाट. आर्मेचर बसलं की फट मिटते आणि प्रवाह उतरतो. म्हणून आर्मेचर पूर्ण बसलं नाही तर कॉइल पहिल्या क्षणाचाच प्रवाह घेत राहते आणि काही मिनिटांत जळते. कूलंटची वाफ आणि कास्ट आयर्नची भुकटी पॅनलमध्ये शिरते, पोलच्या तोंडावर चिकट थर बसतो, कॉन्टॅक्टर घुंघुं करू लागतो. ‘साहेब, कॉइल गेली’ म्हणून नवी बसवली जाते आणि आठवड्याने तीही जाते. कॉइलचा त्यात दोष नसतो, फटीचा असतो. डीसी कॉइलीचं असं नाही. तिचा प्रवाह रोधावर ठरतो, आर्मेचर बसो वा न बसो. परदेशी मशीनवर आणखी एक गोष्ट बघावी: कॉइलवर ६० हर्ट्झ लिहिलं असेल आणि आपण ती ५० हर्ट्झवर लावली, तर व्होल्टेज तेच असूनही ती जवळजवळ २० टक्के जास्त प्रवाह घेते आणि तापते.

आता बंद होण्याकडे वळू. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्यातला प्रवाह एकाएकी थांबायला तयार नसतो. जोरात वाहणारा नळ झटक्यात बंद केला की भिंतीतला पाइप धाडकन हादरतो, तसंच इथे होतं. ट्रान्झिस्टरने वाट तोडली की कॉइल स्वतःच्या दोन टोकांत शेकडो व्होल्ट उभे करते, आणि २४ व्होल्टवर जगणाऱ्या त्या ट्रान्झिस्टरला ते सोसत नाहीत. उपाय पाच रुपयांच्या आतला आहे: रिलेच्या डीसी कॉइलला उलटा डायोड, कॅथोडची पट्टी प्लसकडे. १एन४००७ पुरतो. आजच्या पुष्कळ आउटपुट कार्डांत संरक्षण आतच असतं आणि पातळ रिलेंच्या बेसमध्येही डायोड बसवलेला असतो. पण जुना बेस किंवा सुटा रिले वापरताना तो आहेच असं गृहीत धरू नये, डोळ्यांनी बघावं.

लाल बाजूला मात्र डायोड चालत नाही. एसी कॉइलवर डायोड टाकला की प्रत्येक सायकलच्या एका अर्ध्या भागात तो शॉर्ट होतो. तिथे आरसी स्नबर लागतो, साधारण ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम, किंवा व्हॅरिस्टर, आणि तो कॉइलच्या टोकांवर. काही जण स्नबर रिलेच्या संपर्कांवर लावतात. मग संपर्क उघडे असतानाही कपॅसिटरमधून प्रवाह गळत राहतो. २३० व्होल्टवर तो सुमारे ७ मिलिअँपिअर भरतो. मोठा कॉन्टॅक्टर एवढ्यावर धरून राहत नाही, पण लहान एसी रिले किंवा सोलेनॉइड सुटायला कुरकुर करतो, कधी सुटतच नाही. चालू करण्याच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

मी पाहिलेला एक बिघाड सांगतो, कारण त्यातून बरंच शिकता येतं. एका कारखान्यात रेट्रोफिट केलेल्या लेथचा कूलंट पंप मशीन चालू होताच सुरू व्हायचा आणि एम०९, म्हणजे कूलंट बंद, दिलं तरी थांबायचा नाही. कार्डावरचा त्या आउटपुटचा हिरवा दिवा मात्र नेमाने विझायचा. दिवा विझतोय म्हणजे कंट्रोलर बरोबर आहे, असं धरून दोन कॉन्टॅक्टर बदलले गेले, मग रिले बदलला. शेवटी कुणीतरी मीटरची टोकं थेट आउटपुट टर्मिनलवर ठेवली: दिवा विझलेला आणि टर्मिनलवर २४ व्होल्ट. पुष्कळ कार्डांत तो दिवा लॉजिकच्या बाजूला जोडलेला असतो. ट्रान्झिस्टरला आज्ञा काय मिळाली तेवढंच तो सांगतो, ट्रान्झिस्टरने काय केलं ते नाही. ट्रान्झिस्टर शॉर्ट होऊन बसला होता. रिलेच्या बेसवर डायोड नव्हता. तिथे कूलंट होतं म्हणून फरशी भिजण्यापलीकडे काही झालं नाही. हायड्रॉलिक चकचं आउटपुट असतं तर?

एक नियम यातून पक्का लक्षात ठेवावा. ट्रान्झिस्टर आणि ट्रायॅक बहुतेक वेळा शॉर्ट होऊन मरतात, म्हणजे चालू अवस्थेत. म्हणूनच सॉलिड स्टेट रिलेबद्दल माझं मत थोडं सावध आहे. तो झिजत नाही, आवाज करत नाही, सेकंदाला अनेक वेळा चालू-बंद होतो, हीटरसाठी उत्तम. पण बंद असतानाही त्यातून काही मिलिअँपिअर गळतात, आणि मरतो तेव्हा वाट मोकळी ठेवून मरतो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलीसाठी मी साधा, ‘टक्’ आवाज करणारा रिलेच घेतो. त्याचे संपर्कही चिकटू शकतात, पण ओझं कमी ठेवलं तर क्वचितच. ६४० मिलिअँपिअरच्या झटक्यासाठी सहा अँपिअरचे संपर्क भरपूर आहेत. फक्त पाटीवरचा तो ६ अँपिअर २५० व्होल्ट एसीचा आहे हे विसरू नये. त्याच संपर्कावर ११० व्होल्ट डीसी तोडायला गेलात तर तो एका अँपिअरचा अंशच पेलतो, कारण एसीची ठिणगी दर अर्ध्या सायकलला शून्यावर येऊन विझते आणि डीसीची विझतच नाही.

डायोडचं इतकं कौतुक केल्यावर त्याचा तोटाही सांगायला हवा. डायोड कॉइलमधल्या प्रवाहाला फिरायला वाट देतो, त्यामुळे चुंबकत्व हळू ओसरतं आणि आर्मेचर उशिरा सुटतं. कॉन्टॅक्टरचीच कॉइल डीसी असेल तर सुटण्याचा वेळ सहा ते दहा पट वाढल्याचे आकडे उत्पादकांच्या कॅटलॉगांत मिळतात. कूलंट पंपाला त्याचं काही नाही. पण ड्राइव्ह नसलेला, दोन कॉन्टॅक्टरांवर सुलटा-उलटा फिरणारा स्पिंडल घ्या. एम०३ (सुलटा) वरून एम०४ (उलटा) दिलं, सुलटा अजून सुटला नाही आणि उलटा ओढला गेला, तर दोन फेज आमनेसामने शॉर्ट. अशा वेळी डायोडसोबत झेनर लावतात किंवा व्हॅरिस्टर वापरतात, म्हणजे सुटणं लवकर होतं. त्याशिवाय दोन्ही कॉन्टॅक्टरांमध्ये मेकॅनिकल इंटरलॉक, आणि एकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा एनसी संपर्क. पीएलसीच्या लॅडर प्रोग्रॅममध्ये टायमर टाकलाय म्हणून वायरींतला इंटरलॉक काढून टाकणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी कुठल्याही साइटवर वाद घालायला तयार आहे.

जपानी आणि युरोपीय मशीनांतला आणखी एक फरक या पुस्तकात बरीच पानं घेतो, आणि ती घ्यायलाच हवीत. युरोपीय पद्धतीचं आउटपुट प्लस देतं, त्याला पीएनपी किंवा सोर्स म्हणतात. जुन्या जपानी पद्धतीचं आउटपुट मायनस देतं, ते एनपीएन किंवा सिंक. बहुतेकांना हा फक्त वायरिंगचा प्रश्न वाटतो. आता शून्य व्होल्ट अर्थला जोडलेलं आहे असं धरा, मानकाप्रमाणे ते तसं असावं. केबलचेनमध्ये वायर घासली, तांबं उघडं पडलं आणि मशीनच्या लोखंडाला टेकलं. पीएनपीमध्ये आउटपुटची वायर लोखंडाला लागली तर आउटपुट शॉर्ट होतं, संरक्षण लागतं किंवा फ्यूज उडतो आणि रिले सुटतो. एनपीएनमध्ये रिलेच्या एका टोकाला प्लस कायम हजर असतो; दुसरं टोक लोखंडाला लागलं की रिले ओढला जातो, कंट्रोलरने काहीच सांगितलं नसताना. घासलेली वायर एकच, पण एका मशीनमध्ये सगळं थांबतं आणि दुसऱ्यात आपोआप सुरू होतं. लाल बाजूलाही हेच तत्त्व आहे: कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचं एक टोक अर्थ करायचं, सगळ्या कॉइलींची एक बाजू थेट त्या टोकाला न्यायची आणि सगळे संपर्क दुसऱ्या, जिवंत बाजूलाच घालायचे. ट्रान्सफॉर्मरचं ते टोक अर्थ न करता मोकळं सोडलेली पॅनल मी अनेकदा पाहिली आहेत. तिथे पहिला अर्थ फॉल्ट कुणाला कळतच नाही, आणि दुसरा झाला की काय चालू होईल ते सांगता येत नाही.

लहान कारखान्यांत आणि कॉलेजांत आता साध्या संगणकावर चालणारी मशीनही दिसतात, मॅक३ किंवा लिनक्ससीएनसी घालून. तिथे आउटपुट २४ व्होल्टचंही नसतं; पॅरलल पोर्टचे ५ व्होल्ट आणि मोजके मिलिअँपिअर. संगणक चालू होत असताना त्या पिना वाटेल तशा वर-खाली होतात आणि पॅनलमधले रिले तडतडतात. त्यासाठी चार्ज पंप नावाची सोय आहे. प्रोग्रॅम जिवंत असेपर्यंत एका पिनेवर सतत स्पंदनं सोडतो, मॅक३ मध्ये ती साडेबारा किलोहर्ट्झची असतात. एक छोटं सर्किट ती ऐकतं आणि ऐकू येत असेल तोवरच रिलेंना वीज देतं. संगणक गोठला की स्पंदनं थांबतात, रिले सुटतात. मला ही कल्पना फार आवडते, कारण इथे जिवंत असल्याचा पुरावा डोक्याकडून क्षणोक्षणी मागितला जातो.

इमर्जन्सी स्टॉपबद्दल मी थोडा हट्टी आहे. लाल मशरूम बटण कंट्रोलरच्या साध्या इनपुटला जोडायचं आणि बाकी सगळं त्याच्यावर सोपवायचं, हे चालणार नाही. कंट्रोलरला खबर जरूर द्यावी, पण कॉन्टॅक्टरांच्या कॉइलींना जाणारी ११० व्होल्टची सामाईक वायर सेफ्टी रिलेच्या संपर्कांतूनच जायला हवी. मग पातळ रिले चिकटलेला असो वा ट्रान्झिस्टर शॉर्ट असो, बटण दाबलं की कॉइलींची वीज जाते. कॉन्टॅक्टरचेच मुख्य संपर्क वेल्ड झाले तर काय, हा त्यापुढचा प्रश्न. त्यासाठी धोक्याच्या मोटरला दोन कॉन्टॅक्टर ओळीने, आणि त्यांचे मिरर संपर्क सेफ्टी रिलेच्या रीसेटच्या वाटेत. त्यातला एक चिकटला तर मशीन पुन्हा सुरूच होत नाही. वीज गेली आणि आली तर काय, याचं उत्तरही वायरिंगमध्येच द्यावं लागतं; वीज परतली म्हणून मोटर आपोआप फिरता कामा नये. आपल्या औद्योगिक वसाहतींत वीज क्षणभर बुडी मारून वर येते, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून एकदाचा नाही.

मग एसी कॉइली सोडूनच का देऊ नयेत? नव्या पॅनलसाठी माझं उत्तर सरळ आहे: सोडा. आज नऊ अँपिअरचा कमी वापराचा डीसी कॉन्टॅक्टर अडीच वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे शंभरेक मिलिअँपिअर, आणि कित्येक कार्डं तो थेट ओढू शकतात. नेहमीची डीसी कॉइल मात्र साडेपाच वॅटच्या आसपास, सव्वादोनशे मिलिअँपिअर घेते. ज्या कार्डाची मर्यादा एका बिंदूला २०० मिलिअँपिअर आहे, त्याला ती झेपत नाही. ५०० वाल्याला झेपते. म्हणून ऑर्डर देण्याआधी कार्डाचं पान आणि कॉइलचं पान शेजारी ठेवून वाचावं. पण जुनं मशीन हातात आलं, त्यात चांगले, झीज न झालेले कॉन्टॅक्टर बसलेले असले, तर ते फेकून देण्याचं कारण नाही. मधला रिले त्यांना आणखी पंधरा वर्षं सहज चालवेल.

पुस्तक आयटीआयमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींना कळावं अशा बेताने लिहिलं आहे. गणित ओहमच्या नियमापलीकडे फारसं जात नाही. प्रत्येक सर्किटाखाली मी दोन तक्ते दिले आहेत: एकात ते चालताना कुठल्या टर्मिनलवर किती व्होल्ट दिसावेत, दुसऱ्यात कुठला भाग मेला तर मशीन कुठल्या अवस्थेत जाईल. दुसरा तक्ता आधी वाचावा अशी विनंती आहे.

पॅनल पूर्ण झालं की चाचणीही त्याच क्रमाने करा. मोटरांचे एमसीबी खाली ठेवा, फक्त कंट्रोल चालू करा. एम०८ द्या, कॉन्टॅक्टर ओढला जाऊ द्या. आता एम०९ देऊ नका. २४ व्होल्टचा फ्यूज काढा आणि कॉन्टॅक्टर सुटला का ते बघा. फ्यूज परत लावा, पुन्हा ओढा, इमर्जन्सी दाबा. मग कंट्रोलर आणि आउटपुट कार्ड यांच्यामधली केबल उपसा. मग मेन स्विच बंद करून चालू करा आणि काहीही आपोआप ओढलं जात नाही ना ते पाहा. प्रत्येक वेळी काय झालं ते ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला तारखेसह लिहा आणि ते ड्रॉइंग पॅनलच्या दारातल्या खिशात ठेवा. पुढचा वायरमन रात्रपाळीला येईल तेव्हा त्याला फोन करायला कुणी जागं नसेल.